इतो येतो चार वाजता

संध्याकाळी चार ते सकाळी नऊ. महिने डिसेंबर ते मार्च. नदी हवी, आणि तीही कड्याच्या वरून, पठारावरून वाहणारी. तीच नदी धबधबा होऊन खाली उतरली की तिच्यात हा मासा मिळत नाही. एवढ्या अटी पाळून गळ टाकला तरी बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी लागतं. निन्टेन्डोच्या 'ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' या व्हिडिओ गेममधल्या इतो नावाच्या माशाचं हे वेळापत्रक. खेळाच्या इंग्रजी आवृत्तीत त्याला स्ट्रिंगफिश म्हणतात. जपानीत तो इतो, आणि होक्काइदो बेटावरच्या खऱ्याखुऱ्या नद्यांमध्येही तो इतोच आहे. मीही तेच नाव वापरते.

संपादकांनी यंदाचा विषय दिला, 'वाट पाहणे'. एस.टी. स्टँड, सरकारी दवाखान्याचा बाक, पावसाकडे डोळे लावून बसलेलं शिवार, हे सगळं इतरांच्या वाट्याला गेलं असणार हे मी गृहीत धरलं. मला आठवली माझी भाची. ती पुण्यात कर्वेनगरला राहते, संगणकाच्या कंपनीत काम करते. जानेवारीत एका रात्री मी तिला फोन केला तर म्हणाली, "मावशी, नंतर बोलू? नदीवर आहे." मुळा-मुठेवर रात्री साडेदहाला कोणी जात नाही. मी दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी जाऊन थडकले.

कर्वेनगरात बर्फ

या खेळाला शेवट नाही, शत्रू नाही, आणि कोणी जिंकतही नाही. तुम्हाला एक बेट मिळतं. त्यावर बोलणारे प्राणी शेजारी म्हणून राहायला येतात. झाडं लावायची, घर सजवायचं, फुलपाखरं पकडायची, जीवाश्म उकरायचे आणि मासे धरायचे. माशांच्या ८० जाती आहेत. आपण म्हणू तितकाच हा मासेमारीचा खेळ आहे. पण माझी भाची आणि तिच्यासारखे पुष्कळजण बाकी सगळं बाजूला ठेवून गळच धरून बसतात.

भाचीच्या दिवाणखान्यात पंखा बंद, अंगावर शाल, बाहेर पुण्याची जानेवारीतली थंडी. पडद्यावर मात्र गुडघाभर बर्फ. उत्तर गोलार्धातलं बेट निवडलं की डिसेंबरच्या ११ तारखेला तिथली जमीन पांढरी होते आणि फेब्रुवारीच्या २४ पर्यंत तशीच राहते. लाल कोट घातलेली तिची बाहुली शिडी लावून कड्यावर चढली, मग अजून एक कडा चढली. वर एक नदी होती, आणि नदीत काहीच नव्हतं.

"रिकामी आहे की," मी म्हटलं.

"म्हणून आमिष आणलंय ना."

आमिषाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. बेटाच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूतून मधूनच पाण्याची बारीक चिळकांडी उडते. तिथे फावडं मारलं की शिंपला निघतो. कोकणातल्या कुणालाही हे दाखवायची गरज नाही. ओहोटीच्या वेळी तिसऱ्या काढणाऱ्या बायका वाळूकडे ज्या नजरेने बघतात, तीच नजर इथे लागते. एका तिसरीचं एक पुडकं आमिष होतं. ते नदीत भिरकावलं की तिथल्या तिथे एक सावली उमटते. कोणती, ते मात्र नशिबावर. आमिष मासा आणतं, हवा तो मासा आणत नाही. त्या जागेच्या, त्या महिन्याच्या आणि त्या तासाच्या यादीतला कुठलाही येऊ शकतो, आणि इतो त्या यादीत अगदी तळाशी आहे.

त्या रात्री डेस आले, यलो पर्च आले, काळे बास आले, बोटभर बिटरलिंग आले. भाची प्रत्येक लहान सावलीकडे बघून नाक मुरडायची आणि तिला पळवून लावायची. ते सोपं असतं. काठाने धावत गेलं की पुरे. मग पुढचं पुडकं.

सावली वाचायची आणि कान द्यायचा

इथे मासा दिसत नाही, त्याची फक्त सावली दिसते. सगळं कसब त्या सावलीचं माप ओळखण्यात आहे. इतोची सावली नदीतल्या सर्वांत मोठ्या सावल्यांपैकी. डिसेंबरमध्ये पाइक नावाचा लांबट मासा नदीत असतो, तो फसवतो. महिना बदलला की तो जातो. जानेवारीपासून वरच्या नदीत मोठी सावली दिसली की छातीत धडधडायला हरकत नाही.

गळ टाकायचा तो सावलीच्या तोंडासमोर. मागे पडला तर मासा वळत नाही. डोक्यावर पडला तर बिथरतो. पाण्यावर फ्लोट तरंगतो, मासा जवळ येतो आणि त्याला हुंगतो. फ्लोट किंचित हलतो, टक् असा आवाज होतो. नवखा माणूस इथेच बटण दाबतो आणि मासा पसार होतो. मासा असा चार वेळा चाळवू शकतो, पण पाचव्यांदा तो गिळतोच. पहिल्याच खेपेला गिळेल की पाचव्या, हे आधी कळत नाही. गिळला की फ्लोट पूर्ण बुडतो आणि आवाजही बदलतो, खोल जातो. त्यानंतर हातात क्षणभराचाच वेळ, आणि दुर्मीळ मासा तो वेळही कमी देतो.

"आता बोलू नकोस," भाचीने मला बजावलं.

"मासा ऐकतो?"

"मासा नाही ऐकत. मी ऐकतेय."

आणि तिने चक्क डोळे मिटले. जाणते खेळाडू असंच करतात, ती म्हणाली. डोळ्यांना फ्लोटची प्रत्येक थरथर दिसते आणि बोट फसतं. कान फसत नाही. कन्ट्रोलर हातात थरथरतो, त्याचीही मदत होते. दृश्यांसाठी एवढा खर्च केलेल्या खेळात सर्वांत अवघड क्षणी पडदा बघायचाच नाही, ही गोष्ट मला फार आवडली.

एकदा मासा लागला की मात्र झटापट नाही. दोरीचा ताण सांभाळायचा नाही, रीळ सोडायचं-आवळायचं नाही. बाहुली आपली आपणच मासा ओढून काढते आणि दोन्ही हातांनी वर धरून एखादी फुसकी कोटी करते. मासेमारीचे बाकीचे बहुतेक खेळ याच्या उलट चालतात. सेगाने १९९७ मध्ये आर्केडसाठी बासच्या मासेमारीचा खेळ काढला, तेव्हा खेळणाऱ्याच्या हातात गळाच्या आकाराचं यंत्रच दिलं होतं, कारण त्या खेळाचा जीव ओढाताणीत होता. 'ॲनिमल क्रॉसिंग'ने ती सगळी मेहनत काढून टाकली. उरलं ते मासा येण्याआधीचं. जे खरे मच्छीमार या खेळाला हसतात त्यांना मी एवढंच विचारेन, की नदीवरच्या दिवसातला किती वेळ मासा ओढण्यात जातो?

मीही बसून बघितलं. माझी बोटं टायपिंगवर पोसलेली, त्यामुळे टक् झालं की दाबायचंच. भाचीने तोंडावर हात ठेवून हसू दाबलं.

घड्याळ हाच खेळ

या खेळातली वेळ म्हणजे तुमच्या भिंतीवरच्या घड्याळातली वेळ. पुण्यात रात्रीचे अकरा वाजले की बेटावरही अकरा. सोमवार म्हणजे सोमवार. त्यामुळे चार ते नऊ ही इतोची वेळ नोकरदाराच्या सोयीची आहे. कामावरून आल्यावर तो असतो, आणि पहाटे डोळा उघडला तरी असतो. शाळकरी मुलांना तो दुपारी भेटत नाही.

ही कल्पना पहिल्या खेळापासूनची. १४ एप्रिल २००१ ला जपानमध्ये निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठी तो आला, तेव्हा वेळ कळावी म्हणून खेळाच्या कार्ट्रिजमध्येच घड्याळ बसवलं होतं. इतो तेव्हाही होता. खेळाचे एक जनक कात्सुया एगुची तरुणपणी नोकरीसाठी चिबाहून क्योतोला आले. घरचे आणि मित्र दूर राहिले. ती उणीव त्यांना टोचत राहिली आणि त्यातून हा खेळ सुचला, असं त्यांनी सांगितलेलं आहे. घरातली माणसं वेगवेगळ्या वेळी घरी येतात. एकाच वेळी खेळता आलं नाही तरी एकाच गावात एकमेकांसाठी काहीतरी ठेवून जाता यावं, ही त्यामागची धडपड.

न्यू होरायझन्स २० मार्च २०२० ला बाजारात आला. पाच दिवसांनी आपल्याकडे टाळेबंदी लागली. भाचीच्या मामेभावाने परदेशाहून आणलेलं यंत्र तेव्हा घरात होतं, आणि घरात सगळेच होते. या खेळाच्या पुढे चार कोटींहून अधिक प्रती खपल्या, त्याला ते दिवस बऱ्याच अंशी कारण आहेत. पण इतोच्या मागे लागलेल्यांची त्या मार्चमध्ये भलतीच तारांबळ उडाली. मासा ३१ तारखेला जाणार. कड्यावर चढायला शिडी हवी, आणि शिडीचा आराखडा खेळ पहिल्या दिवशी देत नाही. आधी तंबू, मग दुकान, मग नव्या शेजाऱ्यांसाठी घरांची तयारी, असं करत काही दिवस जातात. तोवर वरची नदी खालून नुसती दिसत राहते. ज्यांना त्या आठवड्यात तो गावला नाही, त्यांना डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. भाची त्यातलीच.

पळवाटा आहेत. यंत्राचं घड्याळ पुढे करा, एप्रिलचा जानेवारी होतो. पुष्कळजण करतात. नाहीतर दक्षिण गोलार्ध निवडलेल्या कोणाच्या तरी बेटावर विमानाने पाहुणे जा. तिथे इतो जून ते सप्टेंबर असतो. भाचीच्या ओळखीतलं ऑस्ट्रेलियातलं कोणीतरी तिला बोलावत होतं. ती गेली नाही, आणि घड्याळालाही तिने हात लावला नाही. का, असं विचारल्यावर तिने खांदे उडवले. "मग मासा धरल्यासारखं वाटणार नाही गं." यावर आमच्यात थोडा वाद झाला. पडद्यावरचा मासा, त्यासाठी पडद्याबाहेरचं घड्याळ प्रामाणिक ठेवायचं, हे मला अजब वाटलं. पण आपल्या साऱ्या व्रतांची रचना याहून फार निराळी नाही, हेही मनात आलंच.

चित्रातून आलेला मासा

खरा इतो शास्त्राच्या दफ्तरात दाखल झाला तोही चित्रातून. अमेरिकेचा कमोडोर मॅथ्यू पेरी १८५४ मध्ये आपली जहाजं घेऊन जपानची दारं उघडायला आला, तेव्हा होक्काइदोतल्या हाकोदाते बंदरातही गेला. मोहिमेसोबतच्या चित्रकारांनी ताज्या माशांची चित्रं काढली. त्या चित्रांवर टिपणं लिहिताना जेम्स कार्सन ब्रेव्हुर्ट याने १८५६ मध्ये या माशाचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावात कमोडोरला अमर केलं : पेरीआय.

सामन आणि ट्राउटच्या कुळातली ही फार जुनी शाखा. जगात तो फक्त होक्काइदो, साखालिन, कुरील बेटांचा दक्षिण भाग आणि रशियाचा पूर्व किनारा एवढ्याच पट्ट्यात आहे. जपानच्या मुख्य बेटावर, होन्शूवर, आओमोरीकडे तो पूर्वी होता. आता तिथल्या नद्यांतून संपला. जपानमधला गोड्या पाण्यातला हा सर्वांत मोठा मासा. १९३७ मध्ये तोकाची नदीत सापडलेला इतो २.१ मीटरचा होता असं सांगतात. आज मीटरभर लांबीचा सापडला तरी गळवाल्यांच्या जगात बातमी होते.

पॅसिफिकमधला सामन अंडी घातली की मरतो. इतो मरत नाही. तो पुन्हा खाली येतो आणि पुढच्या वसंतात पुन्हा वर चढतो. बर्फ वितळायला लागलं की, एप्रिल-मेमध्ये, नराचं अंग लालभडक होतं आणि जोडपी नदीच्या उगमाकडच्या अरुंद ओढ्यांमध्ये शिरतात. मादी शेपटीने गोट्यांत खळगा करून अंडी घालते आणि वर खडी सारते. पंधरा-वीस वर्षांचं आयुष्य, पण मादी वयात यायलाच सहा-सात वर्षं लागतात. अशा माशाला एकदा फटका बसला की त्याला सावरायला पिढी लागते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, २००६ मध्ये त्याला 'अतिधोक्यात' या वर्गात टाकलं. त्यानंतरची पायरी निसर्गातून नाहीसं होण्याची.

जपानमध्ये इतोला सर्रास मायावी मासा म्हटलं जातं. आइनू लोकांच्या कथेतला इतो एवढा मोठा की त्याने अख्खं हरीण गिळलं. अकुतागावा पुरस्कार मिळवलेले कादंबरीकार ताकेशी काइको १९६० च्या दशकाच्या अखेरीस याच्यासाठी होक्काइदोच्या पूर्वेकडच्या दलदलीत गेले आणि त्यावर त्यांनी लिहिलं. १९७३ पासून गाजलेल्या, ताकाओ यागुचींच्या मासेमारीवरच्या मांगा-मालिकेतल्या पोराने याच माशासाठी होक्काइदो गाठलं. तेव्हा खेळ बनवणाऱ्यांनी इतोला दुर्मीळ ठरवलं ते काही फासे टाकून नव्हे. त्यांच्या लहानपणच्या मांगांत, मोठ्या माणसांच्या गप्पांत हा मासा आधीपासूनच मिळत नव्हता. खेळातल्या दुकानात त्याला १५,००० बेल्स, म्हणजे तिथले पैसे, मिळतात, सीलाकान्थएवढेच. म्हणजे डायनासोरांबरोबर संपला असं समजला गेलेल्या आणि १९३८ मध्ये जिवंत सापडलेल्या माशाएवढे.

नदी कुठली?

हे सगळं वाचत गेले तसं मला खटकायला लागलं. खेळातला इतो कड्यावरच्या नदीत राहतो. खरा मोठा इतो राहतो खाली : दलदलीतून वळणं घेत संथ वाहणाऱ्या पाण्यात, तळ्यांत, कधी समुद्राला लागून असलेल्या मचूळ खाजणांत. तिथे तो मासे, बेडूक, हाताला लागेल ते खातो. वर तो चढतो ते फक्त वसंतात, वीण करायला. आणि खेळात जे महिने त्याचे आहेत त्यांत होक्काइदोच्या नद्या गोठलेल्या किंवा बर्फाखाली असतात. खरे शौकीन त्याच्यामागे जातात ते बर्फ गेल्यावर, नाहीतर शरदात.

असं का केलं असावं? खेळाच्या हिशेबात कड्यावरची नदी म्हणजे थंड, स्वच्छ पाणी. चेरी सामन, चार, गोल्डन ट्राउट, ही सामनकुळी तिथे बसवली आहे. त्यातल्या काहींना ती जागा शोभते. इतोला नातेवाइकांबरोबर वर धाडलं. महिन्यांचं कारण याहून साधं असावं असा माझा तर्क. हिवाळ्यात बेट ओस पडतं. बहुतेक फुलपाखरं आणि बहुतेक मासे गेलेले असतात. अशा वेळी माणसाने यंत्र कपाटात ठेवू नये म्हणून बर्फात काहीतरी अमूल्य लपवायला हवं. इतो ती जबाबदारी पार पाडतो.

हे मी भाचीला सांगितलं. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे त्याची वेळ बरोबर पाळायची एवढंच माझ्या हातात आहे." मला वाटतं तिचं अर्धंच बरोबर होतं. खेळाने खऱ्या माशाकडून त्याचं न मिळणं उचललं आणि नदी तिथेच ठेवली. आता खेळात न मिळणं म्हणजे एक वायदा आहे : तुम्ही थांबलात, कान दिलात, पुडकी खर्च केलीत, तर तो येतोच. यादीत तो आहे, म्हणून कधीतरी निघणारच. होक्काइदोतल्या सारुफुत्सू नदीच्या काठावर कोणी कितीही चिकाटीने बसला तरी त्याला असा वायदा मिळत नाही.

सरळ केलेलं पाणी

खेळात पुरेसं पुढे गेलं की नदीही तुमची होते. हातात एक परवाना येतो आणि तुम्ही कडे पाडू शकता, उभारू शकता, नदी बुजवून दुसरीकडून नेऊ शकता. भाचीने आपली नदी काटकोनात नेली आहे. काठाला फरशी, दोन्ही बाजूंना दिवे, मध्ये पूल. मुंबईतल्या नाल्यांचं सुशोभीकरण करणाऱ्याने बघितली तर शाबासकी देईल. माशांना त्याचं काही नाही. पाणी आहे ना, मग सावली उमटते.

होक्काइदोत हाच परवाना दुसऱ्या महायुद्धानंतर खरोखर वापरला गेला. गायींसाठी कुरणं हवी होती, दलदल सुकवायची होती. वळणावळणाच्या नद्या सरळ केल्या म्हणजे पाणी लवकर निघून जातं. ते गेलं. त्याच्याबरोबर वळणावरचे खोल डोहही गेले, जिथे मोठा इतो दडून राहायचा, आणि काठाची संथ जागाही, जिथे पिल्लं वाढायची. कुरणांतली माती ओढ्यांत उतरून खडीत बसली. खडीतल्या अंड्यांना फटींतून वाहणारं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. फटी बुजल्या की ती गुदमरतात. जंगलातल्या रस्त्याखाली पाइप टाकून ओढा काढला आणि पाइपाचं तोंड पाण्यापासून हातभर वर राहिलं, तर उगमाकडे निघालेल्या जोडीची वाट तिथेच संपते. धरणं तर सर्वांना दिसतात. ही पायरी रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतही नाही.

कुशिरोची दलदल १९८० मध्ये जपानमधलं पहिलं रामसार स्थळ झाली. तिथल्या कायानुमा भागात सरळ केलेल्या नदीचा एक तुकडा २०१० च्या सुमारास पुन्हा जुन्या वळणांतून वाहता केला. सरळ करायला खर्च, परत वाकडी करायला पुन्हा खर्च. आणि इतोचा भक्कम गड म्हणून ज्या नदीचं नाव घेतात ती सारुफुत्सू, होक्काइदोच्या अगदी उत्तर टोकाला, सोया भूशिराजवळ. तिच्या पाणलोटातलं मोठं जंगल ओजी या कागद बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचं आहे. कंपनी, संशोधक आणि तिथले गळवाले मिळून इतोसाठी एकत्र आले आहेत. वसंतात बर्फाच्या गढूळ पाण्यातून माशांच्या जोड्या वर जाताना संशोधक त्यांची मोजणी ध्वनिलहरींच्या साधनाने करतात. त्या साधनाच्या पडद्यावर मासा दिसतो तो अंगाखांद्यासकट नाही, लांबट ठिपक्यासारखा. शास्त्रज्ञही सावल्याच मोजतात, हे वाचून मी एकटीच हसले.

गळवाल्यांमध्ये मासा धरून परत सोडायची रीत तिथे रुजत गेली आहे. आपल्या खेळातही खिशातला मासा नदीत सोडून देता येतो, तशी सोय आहे. ती वापरणारा खेळाडू मला अजून भेटायचा आहे.

संग्रहालय आणि ताट

इतो गावला तो एका रविवारी सकाळी. मी चहा घेऊन आले तेव्हा पावणेनऊ झाले होते आणि भाचीकडे दोनच पुडकी उरली होती. पहिल्यातून काळा बास. दुसऱ्यातून आलेली सावली इतकी लांब की मलाही ती वाचता आली. टक्. टक्. भाचीचे डोळे मिटलेले. मग तो दुसरा आवाज, आणि तिचं बोट. मासा वर आला, बाहुलीने तो उचलून धरला, फुसकी कोटी केली. भाची ओरडली नाही. तिने फक्त चहाचा कप घेतला आणि म्हणाली, "साखर कमी आहे."

मासा गेला संग्रहालयात. तिथे ब्लॅदर्स नावाचं घुबड आहे. ते दिवसा पेंगतं, किड्यांना घाबरतं, पण माशांवर भरभरून बोलतं. एका जातीचा एकच मासा ते स्वीकारतं, आणि लगेच तो काचेच्या मोठ्या टाकीत फिरताना दिसतो. खेळातलं मत्स्यालय खरोखर सुंदर आहे. भाचीची बाहुली बाकावर बसली आणि आम्ही दोघी तिच्यामागून बघत बसलो.

खऱ्या होक्काइदोत अशी जागा आहे : कितामीजवळ ओन्नेयू या उष्ण झऱ्यांच्या गावातलं छोटंसं मत्स्यालय. २०१२ मध्ये ते नव्याने उघडलं. तिथे नदीचा एक तुकडा असा बांधला आहे की हिवाळ्यात त्याचा पृष्ठभाग खरोखर गोठतो आणि बघणाऱ्याला काचेतून बर्फाखालचे मासे दिसतात. दुसऱ्या मोठ्या टाकीत मीटरभराचे इतो फिरतात. म्हणजे मायावी मासा तिकीट काढून बघता येतो. आओमोरीतल्या आजिगासावा या गावात तर तो पैसे देऊन खाता येतो. तिथे इतोची शेती होते आणि गावातल्या उपाहारगृहांत तो ताटात येतो, कच्चा कापून, भातावर. तिथल्या नद्यांत तो उरलेला नाही, आणि हौदांत भरपूर आहे. मला हे खटकलं. पण शेतीतला मासा खाल्ल्याने नदीतल्याला काही होत नाही, उलट थोडा आसराच मिळतो, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणंही नाकारता येत नाही. नदी वाकडी ठेवण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, एवढंच.

"झालं ना आता?" मी भाचीला विचारलं. "मिळाला. आता रात्री फोन उचलशील?"

"कसलं झालं? सी.जे. यायचाय अजून."

सी.जे. हा बीव्हर. तो अधूनमधून बेटावर येतो, मासे दुकानापेक्षा दीडपट भावाने घेतो, आणि एकाच जातीचे तीन आणून दिले की दुसऱ्या दिवशी टपालाने त्या माशाची शोभेची प्रतिकृती पाठवतो. भाचीच्या बैठकीत टीव्हीच्या बाजूला, म्हणजे बेटावरच्या बैठकीत, तिने एक जागा आधीच मोकळी करून ठेवली होती.

"अजून तीन लागतील," ती म्हणाली, आणि फावडं घेऊन तिसऱ्या काढायला किनाऱ्यावर उतरली.